सरकीला दिल्लीला पाठवताना

फुलसावंगी
२९ जानेवारी २०२३

बबिता,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे चार ओळी. ‘सरकीला माझ्याकडे पाठवा. रेल्वेने नको, विमानाने. खर्च मी करीन. काय ते लिहून कळवा, फोन करू नका.’ खाली नावसुद्धा नाही. डिसेंबरात दिल्लीला गेलीस, गेलीस त्या दिवसापासून माझा नंबर ब्लॉक करून ठेवलास आणि आता तोंड उघडलंस ते कुत्रीसाठी! बा कसा आहे, याडीच्या गुडघ्याचं काय झालं, मी जेवतो की नाही, यातलं एक अक्षर नाही. माझ्यावरचा राग समजू शकतो. पण याडीने तुझं काय घोडं मारलं?

नवऱ्याला सोडून कुत्री मागवणारी आपल्या तांड्यात तूच पहिली. शेजारच्या हंसाबाईने पोस्टमनच्या हातात पाकीट पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत घराघरात बातमी पोचली, मास्तरले दिल्लीचं पत्र आलं म्हणून. जो भेटतो तो विचारतो, काय लिहिलं? मी सांगतो, सगळ्यांना नमस्कार सांगितला आहे. झोपायच्या खोलीत बाने कापूस भरला म्हणून बायको गेली, हे मी कोणाला सांगत नाही. मोठ्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, असं सांगतो. ते खोटंही नाही.

घरात आपण गोरबोलीत बोलतो, आईला याडीच म्हणतो, पण कागदावर माझा हात मराठीतच चालतो, पोरांना तीच शिकवतो ना. तेव्हा पत्र शाळेतल्यासारखं वाटलं तर चालवून घे.

पुसदला तिकीटवाल्याकडे गेलो होतो. कुत्रीचं विमानाचं तिकीट म्हटल्यावर तो दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हसला. “सर, तिचं आधार कार्ड हाये का?” मग मीच कंपनीला फोन लावला. हे दाबा, ते दाबा, गाणं ऐका. शेवटी एक मुलगी आली. तिने हिंदीत विचारलं, जात कोणती? मी म्हटलं, तांड्यावरची. तिने विचारलं, नाक चपटं आहे का, चपट्या नाकाच्या कुत्र्यांना वर श्वास लागतो, आम्ही घेत नाही. मी म्हटलं, बाई, नाक माझ्यापेक्षा सरळ आहे.

नियम ऐक. पिंजरा असा हवा की तिला आत उभं राहता आलं पाहिजे आणि गोल फिरता आलं पाहिजे. रेबीजची सुई टोचून महिना झालेला हवा, पण वर्ष उलटलेलं नको. निघायच्या आधी डॉक्टरचा दाखला, की जनावर प्रवासाला धडधाकट आहे. गाभण चालत नाही. झोपेचं औषध चालत नाही. पोट रिकामं पाहिजे. जागा सामानाच्या खणात, पण त्या खणात हवा सोडतात म्हणे. आणि सगळ्यात मोठा नियम असा की सोबत तिकीट काढलेला माणूस लागतोच, जनावर एकटं पाठवता येत नाही. म्हणजे मला यावं लागेल. मला काही हौस नाही. परीक्षा जवळ आल्या आहेत, रजा मागायची म्हणजे मुख्याध्यापकांचं तोंड पाहावं लागतं. पण नियम आहे, त्याला मी काय करू?

सरकी बरी आहे. कापसाच्या ढिगावर चढून झोपते.

जीवन


फुलसावंगी
१६ फेब्रुवारी २०२३

बबिता,

‘माणूस लागतच असेल तर तुम्ही विमानतळावरूनच परत फिरा.’ बरं. तुझी दिल्ली तुझ्याकडेच ठेव. मी काही लाल किल्ला पाहायला येत नाही.

सुई टोचली. जनावरांच्या डॉक्टरांकडे बैलांची रांग लागली होती, त्यात मी सरकीला मांडीवर घेऊन बसलो. बाजूचा म्हातारा विचारतो, “गुरुजी, शिकारीची हाये का?” मी म्हटलं, नाही, दिल्लीला चालली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवून बैल मोजायला लागलो.

मग वजनाचं निघालं. कुत्री आणि पिंजरा मिळून ठराविक वजनाच्या वर गेलं तर सामानात घेत नाहीत. सरकीला तोलायचं कशात? घरात काटा एकच, कापूस तोलायचा. बाने तो लिंबाच्या फांदीला टांगला, याडीने जुन्या लुगड्याची झोळी केली आणि सरकीला गाठोड्यासारखी आत लटकवली. ती चारी पाय बाहेर काढून केकाटते आहे, हंसाबाई पोटाला हात लावून हसते आहे. बाने काट्यावर पाहिलं, आकडा सांगितला आणि वर सवयीने म्हणाला, “त्यातला ओलावा कापून लिहिजो.” मी म्हटलं, बा, ही कुत्री आहे. तो म्हणाला, “मंग? व्यापारी आपला कापतेच ना!” जन्मभर व्यापाऱ्याने ओलाव्याच्या नावाखाली वजन कापलं, त्याचा वचपा म्हातारा कुत्रीवर काढतो. या घरात सरळ एक काम होईल तर शपथ.

पिंजऱ्याचं तर विचारूच नकोस. विकतचा कशाला, म्हणून बाने मला न विचारता उत्तमसिंगला सांगितलं. तो बैलबंड्यांची लोखंडी कामं करतो, हे तुला माहीत आहे. त्याने खिडकीचे गज आणि अँगल जोडून जे काही बनवलं, ते उचलायला चौघं लागली. “मास्तर, आत वाघ बसवला तरी तुटनार नाई.” मी म्हटलं, उत्तमसिंगकाका, विमान उडायचं आहे ना? तो रुसला. “विमानात बसवाचं, मंग मजबूत नको?” आता तो माझ्याशी बोलत नाही आणि त्याचा पिंजरा अंगणात पडला आहे. मी नागपूरहून फायबरचा मागवला. पुढे जाळीचं दार, दाराला पाण्याची वाटी, बाजूंना भोकं. वर ‘जिवंत प्राणी’ अशी चिठ्ठी लावायची आणि बाण काढायचे, कोणती बाजू वर ते कळावं म्हणून.

कंपनीची मुलगी म्हणाली होती, आधीपासून सवय लावा, घरात पिंजरा ठेवा, तिला आत झोपू द्या. ठेवला. भाकरी ठेवली, दूध ठेवलं, मटणाचं हाडूक ठेवलं. ती मान आत घालते, हाडूक उचलते आणि बाहेर येऊन खाते. मी स्वतः डोकं आत घालून दाखवलं, तेव्हाच नेमका पोस्टमन आला. याडी म्हणाली, “तिले कापसाची सवय हाये.” मग मी ओंजळी भरभरून कापूस आत अंथरला आणि बाई आत गेली, गोल फिरली, झोपली. मी खूश. तेवढ्यात बा धावून आला. “कापूस कुत्रीखाली टाकते का बे? भाव चढला तं रडशीन!” दोन ओंजळी कापूस, बबिता! खोली छतापर्यंत भरली आहे, आढ्याला फक्त पालीपुरती जागा राहिली आहे आणि हा दोन ओंजळींसाठी माझ्या अंगावर येतो.

त्याला कोण समजावणार? गेल्या वर्षी ज्याने उन्हाळ्यापर्यंत कापूस धरून ठेवला त्याची चांदी झाली आणि बाने दिवाळीलाच विकला होता. तेव्हापासून त्याने ठरवलं, औंदा बोंडभर विकायचा नाही. आता भाव रोज खाली चालला आहे आणि हा रोज म्हणतो, “थांब, चढते.”

रात्री मी कुठे झोपतो हे तू विचारलं नाहीस, तेव्हा लिहीत नाही.

जीवन


फुलसावंगी
५ मार्च २०२३

बबिता,

डॉक्टरने दाखला दिला नाही.

सगळं जमून आलं होतं. सुईला महिना होत आला होता, सरकी पिंजऱ्यात रात्रभर राहायला लागली होती, मी तिकीट काढलं, रजेचा अर्ज दिला. दाखल्यासाठी नेली तर डॉक्टरने तिच्या पोटावरचे केस बाजूला केले आणि म्हणाले, हे काय? पोट लालबुंद, मांड्यांत पुरळ, कानामागे ओरबाडून ओरबाडून रक्त आलेलं. मला वाटत होतं पिसवा असतील. डॉक्टर म्हणाले, “ह्या पिसवा नाईत, गुरुजी. कापूस घरात भरून ठेवला हाये का?” मी मान हलवली. “साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, त्यायची खाज हाये. या मोसमात घरोघरची मानसं खाजवून राह्यली. त्या खोलीतून हिले बाहेर काढा आन् कापूसही काढा, तवाच मी दाखला लिहीन. अशी कुत्री विमानात चढवली तं तिथले लोक मले शिव्या देतीन.” मग त्यांनी विचारलं, “त्या खोलीत झोपते कोन?”

मी म्हटलं, कोणी नाही.

त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. मी बाही खाली ओढली.

तर आता तुला कळलंच आहे, म्हणून लिहितो. नोव्हेंबरात कापूस आत आला तेव्हा तुझ्या पाठीवर जे उठलं होतं तेच माझ्या दोन्ही हातांवर आहे, मानेवर आहे. मी ओट्यावर झोपतो, पण कपडे त्याच खोलीतल्या पेटीत आहेत. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता खाजवतो. बा अंगाला करंजाचं तेल चोळतो आणि म्हणतो, थंडी आहे. तू तेव्हा स्पष्ट सांगितलं होतंस, हे कापसामुळे आहे. बा म्हणाला, साबन बदल. तू नर्स! दवाखान्यात लोकांना गोळ्या देणारी आणि तुला घरात साबण बदलायला सांगितला. आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कोणावर होतो ते विचारू नकोस.

घरी येऊन बाला सांगितलं, डॉक्टर म्हणतात कापूस काढा. बा म्हणाला, “डाक्टरले भाव पुसला का?” मी म्हटलं, सरकीचा दाखला अडला आहे. तो म्हणाला, “मंग नको पाठवू. कुत्री तांड्यात जन्मली, दिल्लीले जाऊन काय करीन? नाई तं थोडी मोहाची पाज, दोन घोट. झोपून जाईन, खाजवनार नाई, कोनाले समजनार नाई.” विमानात जनावराला गुंगीचं काही चालत नाही, वर त्याचा श्वास अडकतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “आपले बैल पेऊन शंकरपटात पळले.”

मी खूप ओरडलो. पहिल्यांदाच ओरडलो त्याच्यावर, अंगणात, सगळ्यांसमोर. काही उपयोग झाला नाही. तिकीट पुढे ढकललं, त्याचा वेगळा दंड बसला. तुझी कुत्री सध्या शाळेच्या व्हरांड्यात झोपते, पिंजऱ्यासकट. पोरं तिला बिस्किटं चारतात आणि परीक्षेचा अभ्यास करत नाहीत.

जीवन


फुलसावंगी
२६ मार्च २०२३

बबिता,

खोली रिकामी झाली.

मी केली असं तुला वाटेल. मी करणारच होतो. रोज सकाळी ठरवायचो की आज पोती भरायला घेतो आणि रोज बा दारात खाट टाकून बसलेला असायचा. शेवट याडीने केला. दोन आठवड्यांपूर्वी ती दुपारी वावरातून आली, बासमोर उभी राहिली, पाठीवरचा पदर बाजूला करून म्हणाली, “पाहा.” पाठ सोलल्यासारखी झाली होती. डिसेंबरापासून त्या खोलीबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. “तुमी थांबा भावासाठी. मी नाई थांबत. जीवन, गाडी बलाव.”

व्यापारी आला, गाडी भरली. भाव काय मिळाला ते लिहीत नाही, बाला कळलं की मी लिहिलं तर तो उरलेला जीव देईल. तो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आमच्यात निरोप याडीमार्फत जातात. “त्याले सांग, मोटर चालू कर.” मी समोर उभा असतो. खोली मी धुऊन काढली, चुना मारला, पेटीतले कपडे उकळून वाळवले. सरकीला औषध चालू आहे. केस येऊ लागले आहेत.

हे सगळं तुला मागच्या आठवड्यातच फोनवर सांगायला मी मुख्याध्यापकांचा फोन घेतला होता. तू ‘कोण?’ म्हणालीस, मी ‘मी. खोली रिकामी झाली’ म्हणालो आणि तू ठेवलास. तेवढंच तुझ्या कानावर पडलं. त्यावर तुझं पत्र आलं. ‘कुत्रीला खाज सुटली तर खोली रिकामी झाली. मला सुटली होती तेव्हा तुम्ही ओट्यावर माझ्यासाठी खाट टाकून दिलीत. छान झालं. मला आधीच कळलं असतं तर मीही डॉक्टरचा दाखला मागितला असता.’

हे वाचून मी शाळेत गेलो आणि चौथीच्या वर्गावर उगाच ओरडलो.

तुला काय पाहिजे, बबिता? खोली भरलेली होती तर वाईट, रिकामी केली तरी वाईट. खाट टाकली ती चांगली दोरी आवळून टाकली होती. त्या घरात मला एवढंच करता येत होतं. माझ्या बापासमोर उभं राहायला मला दाखला लागला, डॉक्टर लागला, विमान कंपनी लागली आणि शेवटी याडी लागली. असा आहे मी. तुला माहीत होतं.

नवीन तिकीट १३ एप्रिलचं आहे, सकाळचं विमान, उन्हाच्या आधी. मी येतो, सरकी तुझ्या हातात देतो आणि तिथूनच परत फिरतो, तू सांगितलंस तसं. परतीचं तिकीट मात्र अजून काढलेलं नाही. ते ऐनवेळी स्वस्त मिळतं, असं पुसदचा तिकीटवाला म्हणाला.

जीवन


फुलसावंगी
१६ एप्रिल २०२३

बबिता,

तू विमानतळावर थांबली होतीस की नाही, मला माहीत नाही. थांबली असशील तर ऐक काय झालं ते. नसशील तरी ऐक.

दाखला मिळाला. तब्येत उत्तम, कातडी स्वच्छ. मी घरात सगळ्यांना दहादा बजावलं होतं, निघायच्या आधी तिला काही खायला घालायचं नाही, नुसतं पाणी. उपाशी राहिली तरच वर तिला त्रास होत नाही. सगळे हो म्हणाले. गाडी ठरवली होती, नागपूर लांबचं, म्हणून उजाडायच्या आत निघायचं. मी आंघोळीला गेलो.

बाहेर येऊन पाहतो तर अंगणात अर्धा तांडा! याडीने सगळ्या बायांना बोलावलं होतं. मुलगी सासरी जाते तेव्हा जे करतात ते सगळं चाललं होतं. सरकीच्या कपाळाला कुंकू, गळ्यात याडीच्या हाताने ओवलेली कवड्यांची माळ आणि प्रत्येक बाई घरून लापसी घेऊन आलेली. गूळ घालून, तूप सोडून! पाठवणीच्या पोरीला प्रत्येक घरचा घास भरवायचाच, उपाशी तोंडाने पोरगी जाऊ द्यायची नाही. एकेक जण घास देते आहे आणि सरकी शेपटी हलवत खाते आहे. मी ओरडलो, अरे, तिला उपाशी न्यायची आहे! हंसाबाई म्हणाली, “उपाशी पाठवता का बाप्पा पोट्टीले? लोकं काय म्हनतीन दिल्लीचे?”

आणि मग ढावलो. नवरी प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडत म्हणते, तो. कुत्रीला काही म्हणता येत नाही, तर तिच्या वतीने याडीने म्हटला. सरकीची मान कवळून, डोळ्यांतून पाणी काढून, पूर्ण म्हटला. बाकीच्या बायांनी सूर धरला. सरकी मान वर करून त्यांच्यात मिसळली. गाडीवाला हॉर्न वाजवतो आहे, मी पिंजरा घेऊन उभा आहे आणि माझी आई कुत्रीला सासरी पाठवते आहे. मी डोकं कुठे आपटू?

आर्णीच्या पुढे पहिली उलटी. यवतमाळला दुसरी. मी रस्त्याच्या कडेला पिंजरा धुतला, तरी लापसीचा वास जाईना. नागपूरला सामानाच्या खिडकीवरच्या बाईने पिंजऱ्यात वाकून पाहिलं. तेवढ्यात सरकी तिसऱ्यांदा ओकली. बाई चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “सर, ये आज नहीं जा सकती. आप जा सकते हैं.”

माझं तिकीट खरं होतं. मी आत जाऊन बसलो असतो तर जेवायच्या वेळेपर्यंत दिल्लीत उतरलो असतो. पण दारात तू विचारलं असतंस, सरकी कुठे आहे? म्हणून परत फिरलो.

घरी आल्यावर याडी म्हणते, “काहून आला?” मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. आता या घरात कोणीच कोणाशी बोलत नाही, फक्त सरकी सगळ्यांशी बोलते.

ढावल्यात याडी काय म्हणाली ते लिहीत नाही. बायांचं असतं तसंच होतं.

जीवन


नागपूर विमानतळ, मालाची शेड
३० एप्रिल २०२३

बबिता,

तुझं पत्र मिळालं. ‘मी इथे कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारलं. जनावर कार्गोने एकटं पाठवता येतं, सोबत माणूस लागत नाही. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला एकटी पाठवा.’

हो, माहीत होतं. त्या मुलीने दोन्ही पर्याय सांगितले होते आणि मी तुला एकच लिहिला. काय करणार होतो? तू फोन घेत नाहीस, भेटत नाहीस, चार ओळींच्या वर लिहीत नाहीस. एवढ्या नियमांमध्ये माझ्या उपयोगाचा एखादा असावा, असं मला वाटलं. तू ऑफिसात जाऊन खात्री करशील, हे लक्षात यायला हवं होतं. नर्स आहेस, बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय सुई भरत नाहीस.

तर एकटी पाठवतो आहे. मालाच्या शेडमध्ये बाकावर बसून हे लिहितो आहे, सरकी बाजूला पिंजऱ्यात आहे. कालपासून उपाशी आहे. काल मी तिला घेऊन इथेच नागपूरला मुक्काम केला, तांड्यावरून थेट विमानतळावर आलोच नाही. वजन झालं, दाखला पाहिला, चिठ्ठ्या लावल्या. पिंजऱ्यात खाली चादर आहे. तुझी हिरवी, जी तू नेली नाहीस. इथल्या माणसाने कवड्यांची माळ काढायला लावली, जाळीत अडकेल म्हणाला. ती पिशवीत घालून वर बांधली आहे. पोचल्यावर आधी पाणी दे, खायला थोडं थांबून दे. पोळी नुसती खात नाही, ताकात कुस्करावी लागते. दिल्लीत फटाके फार वाजतात असं ऐकलं, तेव्हा जवळ बस.

आता ढावल्याचं. मागच्या पत्रात टाळलं, पण तू हे वाचशील तेव्हा सरकी तुझ्याजवळ असेल आणि तिला सांगता येत नाही, म्हणून मी सांगतो.

याडी सरकीच्या गळ्यात पडून म्हणाली, ‘याडी, तुझ्या घरात मी आले, तुझं पाणी भरलं, तुझ्या गुडघ्याला तेल लावलं. याडी, तुझ्या घरात कापसाला खोली मिळाली, मला ओटा मिळाला. माझी पाठ जळत होती, कोणी पाहिली नाही. याडी, तू पण पाहिली नाहीस.’ सरकीच्या वतीने म्हणत होती. सरकीने कधी पाणी भरलं? बायांचा सूर एकदम थांबला. सगळ्यांना कळलं हे कोणाचं आहे. हंसाबाई, जी सगळ्या तांड्याला सगळं सांगते, तिने त्यातलं एक अक्षर आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. बा खाटेवर बसला होता. तो उठला आणि गोठ्याकडे गेला आणि गाडी निघाली तरी बाहेर आला नाही. तू पहाटेच्या एसटीने गेलीस तेव्हा याडी वावरात होती. तुझ्या वाटचा ढावलो राहून गेला होता, तो तिने त्या दिवशी म्हटला. मी पिंजरा हातात धरून उभा होतो आणि कुत्री उपाशी राहिली नाही म्हणून चिडत होतो.

काल निघताना बा माझ्याशी बोलला. एवढंच विचारलं, “बबिता घरात घेईन ना?” मी म्हटलं, सरकीला घेईल. तो म्हणाला, “मी सरकीचं नाई पुसून राह्यलो.”

शेडमधल्या माणसाने मला आत्ताच विचारलं, आप साथ में नहीं जा रहे? मी म्हटलं, बुलाया नहीं. तो म्हणाला, तो पूछ लो. हे सगळं इतकं सोपं असेल असं त्या माणसाला वाटतं. त्याचं लग्न झालेलं नसावं.

आता ते पिंजरा न्यायला आले आहेत. हे पत्र दाखल्यासोबत प्लास्टिकच्या पाकिटात घालतो.

बबिता, मला तुझी फार आठवण येते. राग येतो, पण आठवण त्याहून जास्त येते. मंगळवारपासून शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते. मला तुझ्याकडे यायचं आहे. राहू दिलंस तर राहायला, नाही तर दोन दिवस सरकीला फिरवून परत जायला. येऊ का?

जीवन